कुलूपवाल्या मामाची स्वखुशी

माझा मामा कुलपं दुरुस्त करतो, त्यामुळे त्याचा जगात कुणावरच विश्वास नाही. डॉक्टरने गोळी दिली की विचारतो, "तुम्ही स्वतः घेता का ही?" मामीने चहा दिला तरी आधी वास घेतो. मामी म्हणते, "विष घालायचं असतं तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी घातलं असतं. एवढी वर्षं थांबले असते का?"

त्याच्या धाकट्या पिटुकलीला यंदा शाळेत घालायचं होतं. थोरल्याच्या वेळी लस ऐच्छिक होती. मामाने नकाराच्या अर्जावर सही ठोकली नि विषय मिटवला. यंदा राज्याने कायदा बदलला. लसीचा दाखला नाही तर प्रवेश नाही, आणि नकाराचा अर्जही बंद. शनिवार शेवटचा दिवस.

"काल मर्जी, आज सक्ती!" मामा नाकातून फुसफुसला. "चांगल्या मालाला जबरदस्ती लागते का? पाणी मुरतंय कुठेतरी."

"मग बसवा पोरीला दुकानात," मामी म्हणाली. "किल्ल्या घासेल जन्मभर."

शुक्रवारी दवाखान्यातून बोलावणं आलं. लसीच्या फ्रिजच्या कुलपात किल्ली मोडली होती आणि बाहेर आया पोरं घेऊन खोळंबल्या होत्या. मी मामाच्या मागोमाग गेलेच.

"फ्रिजला कुलूप? काय लपवताय एवढं?" किल्लीचा तुकडा काढता काढता मामाने विचारलं.

"लपवतेय कसलं! लोक पाण्याच्या बाटल्या कोंबतात आत," सिस्टर म्हणाल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज घंटेसारखा. दार उघडताच त्यांनी आधी तापमान वहीत लिहिलं, मग एक बाटली खिडकीशी धरली. तिच्यावर एक वर्तुळ होतं, आत पांढरा चौकोन.

"उष्णता लागली की चौकोन काळवंडतो. वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद."

"पण कंपनी सांगते ना, माल चांगला आहे?"

"कंपनी सांगते. मी बघते."

एक बाटली त्यांनी दोनदा निरखली आणि बादच्या डब्यात टाकली. "शंका आली," एवढंच म्हणाल्या.

मामा बघतच राहिला. एवढ्या प्रेमाने त्याने मामीकडेही कधी पाहिलं नसेल.

त्याने नवी किल्ली करून हातात दिली, तर सिस्टर म्हणाल्या, "एक जास्तीची करून ठेवली नाहीत ना? खिसे दाखवा." आणि मामाने दाखवले! दोन्ही! उलटे करून!

शनिवारी तो पिटुकलीला घेऊन हजर. संमतीपत्रावर छापलं होतं, 'मी स्वखुशीने...'

"सक्ती तुमची आणि खुशी माझी?"

"कायदा मी केलेला नाही. सही करा, मागे रांग आहे."

मामाने बाटली मागून घेतली, खिडकीशी धरली. चौकोन पांढराशुभ्र. मग त्याने 'स्वखुशीने' खोडलं, वर 'स्वतः बघून' लिहिलं आणि सही केली. सिस्टरनी वाचलं आणि शिक्का मारला.

पिटुकलीने बाही वर केली. रडली नाही. सिस्टरकडे डोळे बारीक करून म्हणाली, "सुई नवी आहे ना?"