सत्तावन्न नंबरची सही

दिनांक: जानेवारीतला दुसरा मंगळवार, सकाळी अकरा. ठिकाण: ग्रामपंचायतीचं सभागृह. विषय: वरच्या आळीपासून ओढ्यापर्यंत पावसाच्या पाण्याची बंद नाली.

हजर: सरपंच, उपसरपंच, सहा सदस्य, अंबडहून आलेले इंजिनिअर, ग्रामसेविका म्हणजे मी, आणि ग्रामस्थ एकशे चार.

वहीत असंच आहे आणि अक्षर माझं आहे. त्या दिवशी सभागृहात खरे किती ग्रामस्थ बसले होते तेही मी मोजलं होतं, कारण चहा मलाच सांगायचा होता. एक्केचाळीस. बाकीचे फक्त सहीनं हजर होते.

ज्यांनी ग्रामपंचायतीत काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ग्रामसभेला शंभर मतदार लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब करायची आणि पुन्हा तारीख द्यायची. शंभर माणसं कामधंदा सोडून येत नाहीत, म्हणून वही त्यांच्याकडे जाते. आदल्या दिवशी शिपाई वही घेऊन दारोदार फिरतो, लोक सही करतात, कुणी अंगठा देतं, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे हजर असतात. मी नोकरीला लागले तेव्हापासून हे असंच बघत आले. मी त्यात फक्त शिस्त आणली. गल्लीवार यादी करायची, कुठलं घर सकाळी सापडतं, कुठलं दुपारी, ते समोर लिहायचं, सही झाली की चौकोनात बरोबरची खूण. माझ्या सभा कधी तहकूब झाल्या नाहीत. तालुक्याच्या बैठकीत हे दोनदा कौतुकानं सांगितलं गेलं आणि दोन्ही वेळा मला बरं वाटलं होतं.

आमचं गाव वडीगोद्रीपासून आत, उतारावर. वरच्या आळीत सिमेंटचे रस्ते झाले तेव्हापासून पाणी मुरायचं थांबलं आणि उतारानं धावायला लागलं. नाली हवी यावर कुणाचं दुमत नव्हतं. अडचण तिच्या लांबीची होती. वरपासून ओढ्यापर्यंत सगळे पाइप टाकायचे तर गावाचा दोन वर्षांचा सगळा निधी त्यातच जाणार होता. अर्ध्यावर, म्हणजे खालच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायचं, तर बाकीची कामंही निघत होती. प्रस्ताव त्याच आठवड्यात अंबडला पोचायला हवा होता. माझ्या डायरीत त्या दिवशी नऊ कामं होती आणि सभेच्या कामापुढे मी लिहिलं होतं: एकच्या आत संपवणे.

खालच्या गल्लीच्या सह्या शिपायावर न सोडता मी स्वतः घेतल्या. सोमवारी दुपारी तिथे बायकाच घरी असतात, मी गेले की सही लवकर मिळते. अठरा सह्या वीस मिनिटांत झाल्या. एकोणिसावं घर खालाचं.

गावात सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. सून आणि ती मिळून गाद्या-रजया भरतात. पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन, मागे स्वयंपाक. लोक आपल्या जुन्या, दबलेल्या गाद्या आणून टाकतात, ती कापूस काढून पिंजते, नव्या खोळीत भरते. त्यामुळे तिच्या घरात पडलेला माल बहुतेक दुसऱ्यांचा असतो. त्या दिवशी तिच्या भुवयांवरसुद्धा कापूस बसला होता.

मी शाईचा पॅड पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला.

"अंगठा न्हाई. मला सही येती."

हात पुसून ती उकिडवी बसली आणि उर्दूत सही केली. उजवीकडून सुरुवात करून डावीकडे सरकत गेली. रकाना पुरला नाही, म्हणून शेवटची दोन अक्षरं अनुक्रमांकाच्या रकान्यात शिरली, सत्तावन्न या आकड्यावर. माझी वही नीटनेटकी असते. मला ते खटकलं होतं, हेही आठवतं.

"हे कशाचं हाय, मॅडम?"

"नालीचं. उद्या सभा आहे."

"आमच्या गल्लीतून जाणार न नाली? ओढ्यापर्यंत?"

"जाणार."

"मंग मी येते की. मला बोलायचंय. मागच्या साली पाणी उंबऱ्यापर्यंत आल्तं. कापसाला पाणी बिलकुल चालत न्हाई."

खाला बोलायला लागली की थांबत नाही हे मला माहीत होतं. एकदा घरकुलाच्या यादीवर ती तास-दीड तास बोलली होती, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. मी घड्याळ पाहिलं.

"खाला, यायची काही गरज नाही. सही झाली म्हणजे झालं. तुम्ही तुमचं काम करा."

"पक्कं न?"

"पक्कं."

या दोन ओळी वहीत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सभा वेळेवर सुरू झाली. इंजिनिअर तरुण होते, नकाशा घेऊन आले होते. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "करायची तर ओढ्यापर्यंत करा. मधेच सोडली तर वरचं सगळं पाणी एका जागी आणून ओतल्यासारखं होईल. आत्ता ते चार वाटांनी जातंय."

सरपंच म्हणाले, "साहेब, तुमचं बराबर हाय. पण सगळी केली तर दोन वर्षं गावात दुसरं काहीच व्हायचं न्हाई. शाळेची भिंत पडाया आली."

"अन् टाकीचं काय?" पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली. "शेवाळ पिऊन राह्यलो आम्ही. सरपंचाच्या घरी फिल्टर हाय, त्यांना काय कळतंय!"

हशा झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "नाली बी पहिली सरपंचाच्याच दारापुढून चालली!"

"अरे, माझं घरच वर हाय, त्याला मी काय करू? खांद्यावर घेऊन खाली येऊ का?"

"या की! जागा भरपूर हाय. पाणी बी हाय."

पुन्हा हशा. सरपंचही हसले. माणूस वाईट नाही. त्यांना सगळ्यांना थोडं थोडं द्यायचं होतं.

इंजिनिअर हसले नाहीत. "पाण्याला ठराव वाचता येत नाही," ते म्हणाले आणि नकाशाची गुंडाळी करायला लागले.

तेव्हा एक आबा उठले. वरच्या आळीतलेच, शाळेतून निवृत्त झालेले. दर सभेला येतात आणि एकदाच बोलतात. "खालच्या गल्लीतलं कोण आलंय का इथं? त्यांना इचारा आधी. पाणी त्यांच्या दारात जाणार."

खालच्या गल्लीतलं एकही माणूस नव्हतं. अठरा घरांचं मला माहीत नाही, पण एकोणिसावं का नव्हतं ते मला माहीत होतं.

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, सह्या हायत न त्यांच्या?"

बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी वही उघडली, आबांच्या दिशेनं फिरवली आणि बोट ठेवलं. "आहेत. एकोणीस."

बोट खालाच्या सहीवर पडलं, कारण त्या पानावर लांबून ओळखू येणारी तीच एक सही होती. आबांनी चष्मा वर केला, पाहिलं आणि म्हणाले, "बरं. त्यांचीच हरकत न्हाई म्हणल्यावर मंग मी कशाला बोलू?" आणि खाली बसले.

मी लिहिलं: पहिल्या टप्प्यात खालच्या गल्लीच्या तोंडापर्यंत काम घेण्यात यावे, ठराव सर्वानुमते मंजूर. एकला पाच कमी असताना सभा संपली. डायरीत खूण केली.

मे महिन्यात काम झालं. चांगलं झालं. शहागडकडून ट्रकनं पाइप आले, चेंबर बांधले, वरच्या आळीतला चिखल गेला. पावसाळ्याचे पहिले दोन महिने पाऊस बेताचाच होता आणि मला वाटायला लागलं होतं की इंजिनिअरनी उगाच घाबरवलं. खालाला मी ऑगस्टच्या शेवटी माझी गादी दिली. ती दबून फळीसारखी झाली होती. खाला म्हणाली, "पंधरा दिवसांत देते, मॅडम. तुमची हाय, नवीन करून देते." नालीबद्दल ती बोलली नाही. पाइप गल्लीच्या तोंडाशी थांबलेत हे तिला रोज दिसत होतं, तरी बोलली नाही. मला वाटतं, पुढचं काम येईल म्हणून ती थांबली होती. पक्कं, असं मीच म्हटलं होतं.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी तासभर जोरात पाऊस झाला. पूर्वी असं पाणी चार वाटांनी जायचं, थोडं मारुतीच्या पाराखाली थांबायचं, थोडं शेतात शिरायचं. आता ते सगळं पाइपात शिरलं आणि खालच्या गल्लीच्या तोंडाशी बाहेर पडलं. पाणी ओसरल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी, तलाठी आणि मी पंचनाम्याला गेलो. घरांची यादी मी गाडीत बसल्या बसल्याच केली होती. एकोणीस घरं, त्याच क्रमानं.

खालाच्या पुढच्या खोलीत भिंतीवर पाण्याची रेघ गुडघ्याच्या वर होती. मशीन अर्धं बुडून गेलं होतं. ओल्या कापसाचे गोळे सून टोपल्यानं बाहेर काढून ओतत होती. टेंभुर्णीहून एक लग्नाची ऑर्डर आलेली होती, दोन गाद्या नि चार रजया. तो सगळा कापूस काळा पडला होता.

मी फॉर्म काढला. खाला म्हणाली, "आधी इकडं बघा, मॅडम." तिनं वर बोट केलं. खोलीच्या माळ्यावर, पत्र्याच्या अगदी खाली, प्लास्टिकमध्ये बांधलेली माझी गादी होती.

"पाणी आत आलं तसं पहिली तुमचीच वर फेकली. सुकी हाय. बघा हात लावून."

तलाठी माझ्याकडे बघत होते. मी हात लावला नाही.

"बाकीचं उचलाया टाइम न्हाई मिळाला," ती म्हणाली. मग आवाज तसाच ठेवून, "मी सरपंचाकडं गेल्ते सकाळी. म्हणलं, आमची नाली कुठंय? त्यानं वही दाखवली. म्हणे, खाला, ही सही कुणाची? मी म्हणलं, माझीच हाय. खोटं कशाला बोलू? लोक हसून राह्यले तिथं."

मी काहीतरी म्हणाले, दुसऱ्या टप्प्याचं. तिनं ऐकून घेतलं.

"ते ठीक हाय. मला एवढंच सांगा, मॅडम, त्या वहीत माझ्या नावावर काय लिहिलंय? मी कशाला हो म्हणलं? मला मराठी वाचता येत न्हाई. तुम्ही एकदा वाचून दाखवा. इथं, सगळ्या गल्लीसमोर."

"उद्या येते," मी म्हणाले, "वही घेऊन."

त्या रात्री डायरीत लिहिलं: खाला, ठराव वाचून दाखवणे. दुसऱ्या दिवशी मी अंबडला गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी नुकसानीचे अर्ज भरले, एकोणीसच्या एकोणीस, एकही चूक नाही. दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव तयार केला. चेंबरच्या तोंडाशी मुरमाचा बांध टाकून घेतला, म्हणजे पुढच्या पावसाचं पाणी निदान वळेल. ही सगळी कामं खरी होती आणि करायलाच हवी होती. त्यांच्यावर खुणा झाल्या. वाचून दाखवण्याचं काम मात्र रोज नव्या पानावर उतरत गेलं.

ठराव वाचायला दोन मिनिटं लागतील. त्यानंतर कुणीतरी विचारणार की ही सगळी माणसं सभेला होती का, आणि मला सांगावं लागणार की नव्हती, सह्या मी आदल्या दिवशी घेतल्या, आणि एकीला यायचं होतं तर मी नको म्हटलं. ते एकदा बोललं गेलं की नोकरीचं काय होईल हे मला ठाऊक आहे. आबाही तिथे येतील. वर्षानुवर्षं ज्या वहीचा मी अभिमान बाळगला ती वही ते पुन्हा चष्मा वर करून पाहतील.

मागच्या आठवड्यात मी शिपायाला गादी आणायला पाठवलं. भरणावळ पाकिटात घालून दिली. तासाभरानं तो रिकाम्या हातांनी परत आला, पाकीट तसंच.

"काय झालं?"

"गादी तयार हाय. नवी खोळ बी घातली. पर खाला देत न्हाई." तो अडखळला. "म्हणली, मॅडमला येऊ दे. अन् वही घेऊन येऊ दे."

"आणखी काय म्हणाली?"

"चहा घ्या म्हणली मला. घेतला मी."

आज सोमवार. डायरीत सात कामं आहेत. सहांवर खुणा झाल्या आहेत. सभेची वही कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे, सत्तावन्न नंबरच्या सहीच्या पानात पट्टी घातली आहे. खालची गल्ली इथून चालत चार मिनिटांवर आहे. सातवा चौकोन रिकामा आहे.