टॉवेलाखालचा कट

जनाबाईंकडे मेंढरं उरली नव्हती. पोराला जन्मठेप झाली आणि कळपामागं फिरायला कोणी राहिलं नाही. आधी कोकरं विकली, मग माद्या. सून माहेरी गेली. शेवटी जनाबाई डोंगरकडा गावी भावाकडे आल्या आणि लोकांच्या हळदीत निंदणीला जायला लागल्या. आता त्या माझ्या ऑफिसात बसल्या होत्या, शेजारी त्यांचे दीर. आणि मी त्यांना सांगत होते की ज्या एका गोष्टीवर तुमची सगळी भिस्त आहे, ती मी कोर्टात मांडणारच नाही.

"काहून?" जनाबाई म्हणाल्या.

मी हायकोर्टाच्या खंडपीठात फौजदारी अपिलं चालवते. आईवडील हिंगोलीकडचे, मेंढरंवाले. दोघांनीही शाळा पाहिली नाही. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. पाटीवर नावापुढे बी.ए. आणि एलएल.बी. दोन्ही लिहिलंय. एलएल.बी. पुरे असताना बी.ए. कशाला, म्हणून काही सहकारी हसतात. हसू देत.

केस अशी. उत्तम नावाच्या बकऱ्यांच्या व्यापाऱ्याने बांधाच्या भांडणातून चुलतभावाला कुऱ्हाडीने मारलं. पाहणारे दोघं होते, कुऱ्हाडही सापडली. त्याचं अपील वेगळं, वकीलही वेगळे. जनाबाईंचा मारोती आरोपी नंबर दोन. तो खुनाच्या जागी होता असं कोणीच म्हणत नव्हतं. आरोप होता कटाचा, म्हणजे उत्तमने आणि त्याने मिळून हा खून आधी ठरवला. कट करणारे काही बॉण्डपेपरवर सही करत नाहीत. म्हणून कोर्ट त्यांच्या वागण्यावरून अनुमान काढतं. मात्र त्या वागण्याचा दुसरा, साधा अर्थ निघत असेल तर कट सिद्ध होत नाही.

मारोतीचा बचाव होता अलिबायचा. अलिबाय म्हणजे, मी तेव्हा तिथे नव्हतोच, दुसरीकडे होतो. त्या रात्री त्याची मेंढरं सिद्धेश्वरजवळ एका शेतात बसवलेली होती. खतासाठी शेतकरी असा कळप रानात मुक्कामाला बोलावतात. त्या शेतकऱ्याने साक्ष दिली, की मारोती संध्याकाळी जेवायला होता आणि सकाळीही होता. सरकारी वकिलांनी विचारलं, मधल्या वेळेचं काय? शेतकरी प्रामाणिक माणूस. म्हणाला, मी झोपलो होतो. झालं. अलिबाय सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो, आणि तो अर्धा चालत नाही. सेशन कोर्टाने लिहिलं, आरोपी खोटं बोलतो. हा खोटेपणा कटाच्या पुराव्यात जमा झाला.

"माझं लेकरू तिथंच होतं," जनाबाई म्हणाल्या. "खरं हाय ते. अन् तुमी तेच सोडून राहिल्या?"

"मावशी, तो तिथंच होता हे मला बी पटलंय. पण कट करणारा घरी झोपून बी कट करू शकतो. कोर्ट इचारून राहिलं, उत्तमसंगं ठरवलं का. आपण सांगून राहिलो, मेंढरांजवळ होता. हे त्या सवालाचं उत्तर न्हाई."

दीर तोवर छताकडे बघत होते. म्हणाले, "शहरात राहून बाईला आपलीच माणसं खोटी वाटून राहिली. चला वहिनी, दुसरा वकील बघू."

त्यांना थांबवलं ते कायद्याने नाही, बोकडाने.

कटाचा मुख्य पुरावा म्हणजे एक साक्षीदार. आठवडी बाजारात चहाची गाडी लावणारा, शहरातून नवा आलेला माणूस. त्याची साक्ष अशी: खुनाच्या आधीच्या बाजारी उत्तम आणि मारोती झाडाखाली बसले होते. दोघांचे हात एका टॉवेलाखाली. तोंडाने एक शब्द नाही, नुसत्या माना हलत होत्या. मग दोघं हसले आणि उठले. पोलिसांनी याला गुप्त खलबत म्हटलं, आणि सेशन कोर्टानेही ते मानलं.

हे वाचताना मी मोठ्याने हसले होते. ज्युनियरला वाटलं, काही बिघडलं. पण मी लहानपणी बापाच्या मांडीला चिकटून बाजारात बसलेली पोरगी. आमच्याकडे जनावराचा भाव चारचौघांत बोलत नाहीत. टॉवेलाखाली बोटं धरून सांगतात. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. बाजूला उभ्या असलेल्या दलालालाही कळू द्यायचं नसतं.

मी जनाबाईंना विचारलं, "त्या बाजारी मारोतीनं उत्तमला काही इकलं होतं का?"

"व्हय. काळा बोकड. पर त्याचा खुनाशी काय संबंध?"

"हे आधीच्या वकिलाला सांगितलं होतं?"

"त्यांनी इचारलंच न्हाई. बोकड काय, समदेच इकतात."

दीर खुर्चीत परत बसले.

आता अडचण अशी, की अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत. जे आहे ते जुन्या साक्षींतच शोधायचं. उलटतपासणीत खालच्या कोर्टातल्या वकिलांनी चहावाल्याला नीट दिसत होतं का म्हणून छेडलं होतं. तो म्हणाला होता, "मध्ये मारोतीचा बोकड होता, पण त्याच्या वरून स्पष्ट दिसलं. उठल्यावर उत्तम तो बोकड घेऊन गेला." वाक्य तिथंच पडून होतं. कोणी उचललं नव्हतं.

सुनावणीला दोन न्यायमूर्ती होते. मी सुरुवातीलाच सांगितलं, अलिबायवर माझा भर नाही. जनाबाई मागच्या बाकावर होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावलेला मला दिसला. मग मी बोकडावर आले. सरकारी वकील म्हणाले, बोकडाची विक्री ही अपिलातली कल्पना आहे, टॉवेलाखाली भाव होतात हे कोण मानणार?

थोरले न्यायमूर्ती म्हणाले, "दाखवा."

मी सरकारी वकिलांचाच रुमाल मागितला, त्यांचा हात त्याखाली घेतला आणि बोटं दाबली.

"हे काय?" ते म्हणाले.

"तुमच्या पेनाचा भाव सांगितला, सर. पटत असेल तर मान हलवा."

"त्यांनी काही कबूल करू नये," थोरले न्यायमूर्ती म्हणाले. कोर्टात हशा झाला.

पण लगेच त्यांनी खरा प्रश्न विचारला. आरोपीने जबाबात हे का सांगितलं नाही? मी म्हणाले, "माय लॉर्ड, त्याला विचारलं, कट रचला का. तो नाही म्हणाला. बोकड विकला का, हे कोणी विचारलं नाही. त्याच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतं."

धाकटे न्यायमूर्ती सरकारी वकिलांकडे वळले. "खलबत होतं असं धरू. मग बोकड उत्तमसोबत का गेला?"

सरकारी वकिलांनी कागद चाळले आणि रुमाल खिशात ठेवला.

निकालात लिहिलं की टॉवेलाखालच्या हातांचा सौदा हा सरळ अर्थ निघतो, तेव्हा कट सिद्ध होत नाही. मूळ पुरावाच पडला, तर अपुऱ्या अलिबायने तो उभा राहत नाही. उत्तमची शिक्षा कायम राहिली.

जनाबाईंना निकाल समजावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "पर ते लेकरू सिद्धेश्वरला होतं, हे लिहिलं का त्यात?"

नाही, म्हटलं. तेवढं त्यांना अजून खटकतं.

मी मात्र तेव्हापासून अशिलाचं सगळं म्हणणं ऐकून झालं, की त्याला जे सांगण्यासारखं वाटत नाही तेही विचारून घेते.

मारोती निर्दोष सुटला. सून परत आली. कळप लहान आहे, पण मेंढरं स्वतःची आहेत.