पोखर्णीच्या नरसिंहाचं बुटकं दार

बायकोनं ऑपरेशनच्या आधी नवस केला होता: बरी झाले तर दोघं जोडीनं पोखर्णीच्या नरसिंहाच्या गाभाऱ्यात जाऊ. बरी होऊन दोन वर्षं झाली. मी कधी दुकानाचं, कधी पाहुण्यांचं निमित्त काढत होतो. खरं कारण तिला ठाऊक नव्हतं. गाभाऱ्याचं दार इतकं बुटकं, की बसून सरकत जावं लागतं, आणि मला अडचणीच्या जागेची भीती. पाईपचं दुकान टाकण्याआधी मी विहिरी खोदायचो. लग्नाआधी एकदा दरड ढासळली नि छातीपर्यंत गाडला गेलो.

शेवटी एका मंगळवारी निघालो. शनिवार टाळा, गर्दी लय. परभणीहून गंगाखेड रस्त्यानं अर्ध्या तासाची वाट. एसटी मिळते, जीपही. फाट्यावर गरम भजी घेतली. माझ्या वाट्याची बायकोनंच खाल्ली.

मंदिर जुनं, हेमाडपंती. दगडावर दगड बसवलेला, भर दुपारी आत गारवा. खांब निवांत बघावेत. मी जरा जास्तच निवांत बघत होतो.

"खांब मोजायलाव का?" म्हणत बायको सरकत आत गेलीसुद्धा.

रांगेतला मागचा म्हातारा म्हणाला, "जावा की मालक. मागल्या शनवारी म्हशीएवढा पावना गेला आत."

"बाहेर आला का?"

"त्ये न्हाई बघितलं. मी आधीच घरी गेल्तो."

रांग हसली. मी खाली बसलो, वाकलो. खांदे गेले, पोट अडलं. दोन्ही बरगड्यांना दगड टेकला आणि तोंडात विहिरीतल्या मातीची चव आली. पुढं सरकता येईना, मागं म्हाताऱ्याचं डोकं. "दरड आली!" मी ओरडलो म्हणे.

आतून बायकोनं माझे दोन्ही हात धरले. "अहो, श्वास सोडा. सगळा सोडा."

सोडला. सरकलो.

मूर्ती नीट दिसलीच नाही. मी दाराकडंच बघत होतो. बाहेर यायलाही तेच दार.

"कसली दरड?" तिनं विचारलं. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, तिथंच उकिडवं बसून, विहिरीचं सांगितलं.

"आटपा, मागं लोक हायेत," पुजारी म्हणाले.

"थांबा जरा," ती म्हणाली.

घरी आल्यावर खरचटलेलं आठवड्यात भरून आलं. भीती आहे तिथंच आहे. नवस फिटला म्हणून ती जात नाही, हे जाणाऱ्यांनी धरून चालावं. परवा नांदेडला लेकीच्या नव्या घरी गेलो, चौथा मजला. लिफ्टचं दार उघडलं. बायको दुखरे गुडघे सांभाळत जिन्याकडं वळली.

"चला," म्हणाली, "मला लिफ्टमदी गरगरतंय."