शांत भाग काढून टाकते

आईची शपथ घेऊन सांगतो, खाली लिहिलंय त्यातलं एक अक्षरही बनवलेलं नाही. म्हणजे, एक गोष्ट बनवलेली आहे. कोणती ते शेवटी सांगतो. आधीच सांगितलं तर बाकीच्यावरही तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या ऑफिसात असे किस्से घरातल्या जुन्या वायरींसारखे साचतात. टाकवत नाहीत, अन् चारचौघांत बाहेर काढायची लाज वाटते.

ऑफिस म्हणजे नवीन जालन्यात बियाण्याच्या दुकानावरची एक खोली. पंचवीस वर्षं लग्नाचं शूटिंग करून मी इथं टेकलो. काम असं: व्हिडिओ एडिटिंगच्या एका सॉफ्टवेअरमध्ये एआय एजंट बसवलाय. त्याला म्हणायचं, "लग्न अर्ध्या तासाचं कर," की तो आपणच टूल निवडून कापाकापी करतो. पण टूल आतून काय करतं हे त्याला ठाऊक नसतं. प्रत्येक टूलबद्दल एक-दोन ओळींची माहिती लिहिलेली असते, तेवढी वाचून तो हात घालतो. ती माहिती खरी आहे का, हे व्हिडिओवर टूल चालवून बघायचं आणि 'बराबर' किंवा 'चूक' अशी टिक करायची. ते माझं काम.

मेव्हण्यानं एकदा विचारलं, "दाजी, तुम्ही करता काय नेमकं?" म्हटलं, मशीनला समजेल असं लिहिलंय का ते बघतो. तो अगदी सरळपणे म्हणाला, "अन् तुम्हाला समजतं का?"



एका टूलची माहिती होती, 'मुख्य व्यक्तीला मध्यभागी ठेवते.' वाचायला किती छान! मी टिक केली, बराबर. मुख्य व्यक्ती म्हणजे कोण, हे कुठं लिहिलेलंच नव्हतं. टूलच्या हिशेबानं, ज्याचा चेहरा जास्त वेळ दिसतो तो मुख्य. आता नवरदेवाच्या तोंडावर बाशिंगाच्या झालरी, नवरीची मान खाली. उघडा चेहरा एकट्या भटजींचा. एजंटनं अख्खं लग्न त्यांच्यावर धरलं. नवरा-नवरी दोन कडांना, अर्धे अर्धे कापलेले.

शेजारच्या टेबलावरचा शेख स्क्रीनवर वाकला. मग म्हणाला, "काका, लग्न लागलं बराबर. पण भटजीचं."

दुसरं टूल, 'नको असलेला आवाज काढून बोलणं स्वच्छ करते.' शेख सांगत होता की वरातीवर चालवून बघा. मी एका सत्काराच्या भाषणावर चालवलं आणि टिक करून चहाला गेलो. पुढं परतूरच्या एका स्टुडिओवाल्यानं एजंटच्या भरवशावर वरात एडिट केली. टूलनं बँड नको असलेला आवाज समजून पुसून टाकला. सगळे मुक्यानं नाचताहेत, आणि मधूनच नवरीच्या मावशीचा आवाज, एकदम स्वच्छ, "सगळं सोन्याचं पाणी दिलेलं दिसतंय गं, खरं काहीच न्हाई!"

हा व्हिडिओ नवरदेवाच्या घरी टीव्हीवर लागला, तेव्हा मावशी तिथंच जेवत होत्या.

आमची प्रमुख प्रतीक्षा, माझ्या मुलीच्या वयाची. तिचे नियम दोनच: तीन वेगवेगळ्या व्हिडिओंवर चालवून बघा, अन् आधी कॉपी काढा. एकदा म्हणाली, "काका, बाकीच्यांचं मी परत तपासते. तुमचं न्हाई तपासत. तुम्ही जिंदगीभर हेच केलंय." मी मान डोलावली. दिवसाला माझ्या चाळीस टिक व्हायच्या. त्यातल्या बघून किती, ते विचारू नका.

मग आलं 'शांत भाग काढून टाकते.' हाताशी माझीच जुनी हार्ड डिस्क होती, तीत आष्टीचं एक लग्न. तेच दिलं. अर्ध्या मिनिटात काम झालं, मी टिक केली. हे टूल मूळ फाईलमधूनच कायमचं काढून टाकतं, हे माहितीत लिहिलेलं नव्हतं. आणि नेमकं तेच पकडायला मला तिथं बसवलं होतं. कॉपी काढलेली नव्हती.

चार महिन्यांनी त्या लग्नातल्या नवरीचा, सुनीताचा, फोन आला. वडील वारले होते. लग्नाआधीच लकव्यानं त्यांची वाचा गेली होती. निरोपाच्या वेळी आतल्या खोलीत लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ते नुसते उभे राहिले. बाहेर बँड थांबलेला. मी दारातून शूट करत होतो, कॅमेरा हलू नये म्हणून श्वास धरून. तिला दिलेल्या छोट्या व्हिडिओत मी ते घेतलं नव्हतं. "काका, तेवढंच पाहिजे," ती म्हणाली.

फाईल उघडली. सुनीता खोलीत शिरते, आणि लगेच अंगणात रडत गाडीत बसते. मधलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः ऑफिसात आली, शेतातल्या मोसंब्यांची पिशवी घेऊन. प्रतीक्षा आणि शेख समोरच बसलेले. मी सांगितलं, नेमकी तेव्हाच कॅमेऱ्याची बॅटरी गेली होती.

तिनं पिशवी टेबलावर ठेवली. म्हणाली, "जाऊ द्या काका, तुम्ही तरी काय करणार. कॅमेऱ्याचा लाल लाईट चालू दिसला होता मला, म्हणून वाटलं, घेतलं असंल."

प्रतीक्षानं मला काही विचारलं नाही. त्या दिवसापासून ती माझंही काम परत तपासू लागली.

तर बनवलेली गोष्ट तेवढी एकच. बॅटरी निम्म्याहून जास्त शिल्लक होती.