टोपीत झेललेल्या पुंगळ्या

आमच्या इमारतीचा पहारेकरी मेंग दोक-सू बाटलीचं झाकण जमिनीवर पडू देत नाही. रद्दी वेगळी करायच्या दिवशी मी शेजारी उभा राहून बाटल्या उघडतो. झाकण सुटलं की त्याचा हात आधीच खाली तयार असतो. फौजेच्या गोळीबार मैदानावर त्याने जन्मभर हेच केलं. नव्या शिपायाच्या उजवीकडे पालथं पडायचं, डोक्यावरची टोपी काढून बंदुकीच्या कडेला धरायची आणि उडणारी गोळीची प्रत्येक रिकामी पुंगळी झेलायची. आमच्या फौजेत गोळी कुठे लागली याची चौकशी सावकाश होते, पुंगळी कुठे गेली याची लगेच. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत जेवण बंद आणि अख्खी तुकडी गवतात ओणवी.

हे मी ऐकून सांगतो आहे. आमच्याकडे प्रत्येक तरुणाला फौजेत जावंच लागतं, पण मला फौजेने घेतलंच नाही. छाती तपासताना डॉक्टरांना आत काहीतरी कुरकुरताना ऐकू आलं आणि त्यांनी मला घरी पाठवलं. आमच्याकडे चार पुरुष सोजू प्यायला बसले की फौजेच्या गोष्टी निघतातच. तेव्हा मंडळी मला 'देवाचा लाडका' म्हणतात आणि मांस भाजायला बसवतात.

याची भरपाई मी रंगमंचावर केली. लेफ्टनंट झालो, कॅप्टन झालो, एकदा जनरलही झालो. त्या जनरलला संवाद नव्हते. लाकडी बंदूक छातीशी धरून मी इतका रेंगाळत मरायचो, की पडदा ओढणारा विंगेतून विनवायचा, "पिओ साहेब, आज जरा लवकर मरा, माझी शेवटची बस चुकते."

चौथ्या मजल्यावर बान हे-जिन नावाची मुलगी राहते. चार जणांना घेऊन ती युद्धाचा व्हिडिओ गेम बनवत होती. त्यातली आपल्या फौजेची बंदूक अगदी खरी वाटली पाहिजे, हा तिचा ध्यास. म्हणून ती इमारतीतल्या दिसेल त्या पुरुषाला फोनवर बंदूक दाखवायची. फौजेत सगळेच जाऊन आलेले, त्यामुळे सगळेच तज्ज्ञ. दंतवैद्य म्हणाला, आवाज पातळ आहे. किराणावाला म्हणाला, आमच्या तुकडीत पट्टा असा नव्हता. प्रत्येकाला आपापली बंदूक तेवढी आठवत होती आणि तीच खरी होती.

मेंगने सर्वांत जास्त वेळ पाहिलं.

"बंदूक ठीक आहे. पण पुंगळ्या कुठे जातात?"

"उडतात काका, मग नाहीशा होतात."

"नाहीशा?" मेंगचा चेहरा उतरला. "उचलतं कोण?"

"कोणीच नाही. गेम आहे हो."

"मग पोरी, ही आपली फौज नव्हे."

हे-जिनने सुस्कारा सोडला. कोणीतरी खरोखर पालथं पडून बंदूक चालवताना त्याचं चित्रीकरण करायचं आणि त्यावरून गेममधली हालचाल बेतायची, असं तिने ठरवलं होतं. शुक्रवारी व्यायामशाळेतला एक माणूस येणार होता.

मी हातातला पुठ्ठ्याचा खोका खाली ठेवला. "बाळ, नट मी आहे."

मला कोणी भूमिका दिल्याला वर्षं लोटली होती. शेवटची भूमिका विम्याच्या जाहिरातीतल्या आजोबांची, तीही फक्त खोकण्याची. पुन्हा एकदा कुणासमोर काही करून दाखवायचं, एवढी एकच इच्छा उरली होती. मी म्हटलं, "आधी मला पाहा. नाही पटलं तर त्यांना घ्या."

तिला म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणवेना.

कचऱ्याच्या पेट्यांमागे मेंगने माझी शिकवणी घेतली. बंदूक म्हणजे झाडू.

"हा कुठला खांदा?"

"डावा. मी डावखुरा आहे."

"पुंगळी उजवीकडून उडते, तापलेली. अशी धरलीस तर नाकासमोरून जाईल, नाहीतर सदऱ्यात शिरेल."

"रंगमंचावर कधी नाही शिरली."

"लाकडातून काय शिरणार, नटवर्य?"

"पण डाव्या खांद्यावर धरली की माझा चेहरा प्रेक्षकांना दिसायचा!"

"शत्रूलाही दिसला असता."

मी उजवा खांदा धरला. पहिल्याच गोळीला असा काही झटका खाल्ला, की मागच्या मागे रद्दीच्या ढिगात गेलो. मेंग वरून बघत म्हणाला, "बंदूक मारते अरे, बैल नाही." पुढचे दिवस तो मला झटका लहान करायला शिकवत होता आणि मी घरी आरशासमोर भय, निश्चय आणि मातृभूमीची आठवण बसवत होतो.

शुक्रवारी डोळ्यांना थोडं काजळ लावून, मेंगला बरोबर घेऊन गेलो. सूपच्या दुकानावरची एक खोली, नारिंगी नळीची खेळण्यातली बंदूक, आणि कोपऱ्यात व्यायामशाळेचे गृहस्थ. त्यांचे दंड माझ्या मांड्यांएवढे. हे-जिनने मला पालथं झोपवलं आणि कॅमेरा माझ्या कानामागे लावला.

"इथून चेहरा कसा दिसेल?"

"चेहरा नकोच, सर. खेळणाऱ्याला फक्त बंदूक आणि दोन हात दिसतात."

"मग चेहरा कुणाचा?"

"खेळणाऱ्याचा स्वतःचा. तो घरी बसलेला असतो."

मातृभूमीची आठवण मी निमूटपणे आवरून ठेवली. पहिल्या गोळ्या फुकट गेल्या. बोटं ओढत होती, खांदा खोटं बोलत होता. हे-जिनची नजर कोपऱ्याकडे वळली. झालं, मनात म्हटलं, आता पुन्हा खोकायचं.

मग मी चेहरा सोडून दिला. जे काही होतं ते खांद्यात घातलं. श्वास धरला, घोडा हळू दाबला आणि ठोसा बसला म्हणून खांदा हलला. मी हलवला नाही. पुन्हा दाबला. उजव्या कानाशी कापड सळसळलं.

दाराशी उभा असलेला मेंग केव्हाच येऊन माझ्याशेजारी पालथा पडला होता. टोपी काढून त्याने बंदुकीच्या कडेला धरली होती. खांदा हलला की टोपी हलायची, कधी जवळ, कधी जरा लांब. हे-जिनने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि दुसरा कॅमेरा मेंगकडे वळवला. मी त्या टोपीसाठी गोळ्या झाडत राहिलो. इतका लक्षपूर्वक बघणारा प्रेक्षक मला नाट्यगृहात कधी मिळाला नाही.

थांबलो. मेंग उठून बसला, रिकाम्या टोपीत बोट फिरवलं आणि त्याचा रंग उडाला.

"एक कमी आहे."

व्यायामशाळेचे गृहस्थ खुर्चीवरून थेट गुडघ्यांवर आले. गेमची चित्रं काढणारे दोघं टेबलाखाली शिरले. आवाजाचं काम बघणाऱ्याने चटई उचलून झटकली. आणि मी, ज्याला फौजेने दारातूनच परत पाठवलं होतं, तो हीटरखाली हात घालून चाचपू लागलो.

"काय शोधताय सगळे?" हे-जिनने विचारलं.

टेबलाखालून एकजण हळूच मागे सरकत बाहेर आला. शेवटी व्यायामशाळेचे गृहस्थ लाल होऊन उठले, गुडघे झटकले आणि मला कमरेत वाकून नमस्कार केला.

"ताई, यांनाच घ्या," ते म्हणाले. "माझं आता जेवण बंद होणार असं वाटलं हो मला."

मेंगने टोपी डोक्यावर चढवली. "मी काही अभिनय करत नव्हतो," तो गुरगुरला.

"म्हणूनच तुम्ही हवे आहात, काका. टोपीसकट, अख्खे," हे-जिन म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि पिओ सर, हात तुमचेच. फक्त नखं कापून या."

गेम तयार झाल्यावर तिने तो खालच्या सूपच्या दुकानात मोठ्या पडद्यावर लावला. मेंग नखशिखांत दिसत होता, कपाळावरच्या आठ्यांसकट. लोक टाळ्या वाजवत होते, दंतवैद्य त्याच्याबरोबर फोटो काढत होता. मी ज्याला त्याला सांगत सुटलो, "नायक मी आहे, मी! हे हात माझे!" लोक हो हो म्हणून सूपमध्ये भात मिसळत होते.

माझी बायको तेवढी उठली. चष्मा लावून पडद्याशी गेली आणि बराच वेळ वाकून बघत राहिली.

"अंगठा तुमचाच," ती म्हणाली. "थरथरतोय."