तळहातावरचं काजळ
परवा शेजारी एरंडेल जळाल्याचा वास आला आणि मी थेट मोताळ्याच्या आमच्या परसात जाऊन उभी राहिले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, मी सातेक वर्षांची होते आणि त्या दिवशी धाकट्या भावाचं बारसं होतं. त्याच्या काजळासाठी आत्या चार दिवस खपत होती. माक्याच्या हिरव्या रसात फडकं भिजवायचं, सावलीत वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. त्याचीच वात सकाळपासून एरंडेलात जळत होती आणि वर दोन विटांवर पितळी थाळी पालथी घातली होती. दुपारी वात विझली तेव्हा आत्या विहिरीवर होती. मी थाळी उलटून पाहिली, तर काळीकुट्ट! पाहुणे येणार म्हणून मी शहाण्यासारखी डाव्या तळव्यानं सगळी काजळी पुसली आणि उजव्या हातानं राख घेऊन थाळी लख्ख घासली. आत्या आली आणि थाळी पाहून मटकन खालीच बसली. चूक कळताच मला रडू फुटलं. डोळे पुसायला डावा हात वर नेला, तसं तिनं मनगट धरलं. "थांब व माय, पुसू नोको! काजळ तं तुह्या हातातच हाय." तळव्यावर तुपाचा थेंब टाकून ती बोटानं घोटत राहिली आणि त्या हिरव्या पाल्याचं, पिवळ्या ज्योतीचं काळंभोर, चकचकीत काजळ माझ्या हातावर उमटलं. ते डोळ्यांत घातल्यावर बाळानं माझ्याकडे असं टक लावून पाहिलं की मी रडायचंच विसरले. आता त्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आहे; तरी भाऊ माझ्याकडे पाहतो तेव्हा मी डावा तळवा हळूच उघडून बघते.