बर्फातला वाटसरू

"हात गरम कर आधी," मावशी म्हणायच्या आणि स्वतःचे दोन्ही हात काखेत दाबून मिनिटभर उभ्या राहायच्या. "दीडशे वर्षांचा कागद आहे हा. म्हाताऱ्या माणसाला असा गार हात लावतात का?"

बर्मिंगहॅममधल्या एका संग्रहालयाच्या तळघरात आम्ही दोघी काम करायचो. लाकडी ठशांनी छापलेली जुनी जपानी चित्रं सांभाळायची, हे आमचं काम. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. मी पुण्याहून लग्न होऊन आलेली, पार्ट-टाइम मदतनीस. मावशी साठीला टेकलेल्या, मूळच्या भायखळ्याच्या, घरात मराठीच बोलणाऱ्या ज्यू. वीसेक वर्षं त्या चित्रांना माउंट करत होत्या, म्हणजे चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट कापत होत्या. त्यांचं पातं केसभरही चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

ही चित्रं उजेडात फिकी पडतात, म्हणून तीन महिन्यांपेक्षा जास्त ती भिंतीवर ठेवत नाहीत. त्यामुळे वर्षातून चार वेळा वरच्या गॅलरीतला ऋतू बदलायचा, तो मावशींच्या हाताने. खोक्यांना नंबर होते, पण त्या ते मानत नसत; खोकं ओळखायचं ते आतल्या ऋतूवरून. कुणी प्रोफेसर अकरा नंबरचं खोकं मागायला आला, की त्या शांतपणे सांगायच्या, "द रेन इज अपस्टेअर्स, लव्ह." आतषबाजीची, पंख्याने वारा घेणाऱ्या बायकांची उन्हाळी चित्रं खोक्यातून काढताना हसायच्या. "जपानात बरा तीन महिने टिकतो गं समर. आपल्या बर्मिंगहॅमला मंगळवारी येतो नि बुधवारी जातो."

बर्फ कसा छापतात, तेही त्यांनीच मला दाखवलं. बर्फाला शाई नसते. आभाळ, झाडं, नदी छापतात आणि बर्फापुरता कागद कोरा सोडतात. "बघ, इथे काही केलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्यात थंड तेच."

हिवाळ्याच्या प्रदर्शनात मात्र त्या कधी माणसं लावत नसत. बदकं, बर्फ साचलेला बांबू, आलूबुखाराची फुलं, बस्स. बर्फ पडलेल्या दिवशी आम्ही बस स्टॉपकडे निघालो आणि पुढे कुणी छत्रीवाला उंच माणूस चालत असला, की त्या थबकायच्या. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत हलायच्या नाहीत. एकदा डोळ्यांदेखत आमची बस सुटली. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, पण बसबद्दल नाही. मी काही विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नसतं.

मग एका नोव्हेंबरात त्या आठवडाभर सर्दीने आजारी पडल्या आणि चित्रं मी निवडली. त्यातलं एक मला फार आवडलं होतं. संध्याकाळचं निळं आभाळ, पांढरा रस्ता, त्यावर पावलांची लांब रांग आणि डाव्या कडेला, चित्राबाहेर पडायच्या बेतात असलेला एक छत्रीवाला पाठमोरा माणूस.

मावशी परत आल्या, यादी पाहिली आणि पुठ्ठे कापायला बसल्या. गुरुवारी सगळी माउंट तयार होती. मी चित्रांखालच्या चिठ्ठ्या जुळवायला घेतल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बर्फातला वाटसरू'. चित्रात वाटसरू नव्हता. रस्ता होता, पावलं होती, आणि ती पुठ्ठ्याच्या कडेशी जाऊन संपत होती.

"मावशी, माउंट दीड इंच आत आलंय. माणूस झाकला गेला."

त्या पातं पुसत होत्या. "माहितीय मला."

"मुद्दाम केलंत?"

"त्याला जरा आत घेतलं," त्या म्हणाल्या. "बाहेर केवढी थंडी आहे."

मी स्टूल ओढून शेजारी बसले.

"हे बसवर कंडक्टर होते," मावशींनी सुरुवात केली. "इथे आल्यावर पहिल्या दोन वर्षांतली गोष्ट. सकाळी आमचं भांडण झालं. कशावरून, तेही आता आठवत नाही बघ. बर्फ पडत होता, छत्री घेऊन निघाले. मफलर जिन्यातच राहिला. मी तो घेऊन खिडकीशी गेले. फार लांब नव्हते गेले. हाक मारली असती तर वळले असते." पातं त्यांनी डबीत ठेवलं. "मीच का मारू, असं वाटलं. डेपोच्या दाराशी पडले. हार्ट. मला पाठच दिसली, तेवढीच."

"मी हे चित्र काढून टाकते. दुसरं लावू."

"नको." त्या उठल्या. "चूक माझी आहे, चित्राची नाही." आणि नवा पुठ्ठा घेऊन त्यांनी कापायला सुरुवात केली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माप तीनदा घेतलं.

प्रदर्शन उघडायच्या सकाळी मी वर गेले, तर मावशी त्या चित्रासमोर एकट्याच उभ्या होत्या. माझी चाहूल त्यांना लागली नाही. त्यांनी हलकेच म्हटलं, "अहो."

थोडं थांबल्या. मग जरा मोठ्याने, खिडकीतून रस्त्यावर पोचेल अशा आवाजात, "अहो, ऐकलंत का!"

मी मागच्या मागे खाली आले.

जानेवारीअखेर त्या रिटायर झाल्या आणि लंडनजवळ स्टॅनमोरला लेकीकडे गेल्या. पुन्हा भेट झाली नाही. त्या वारल्याचं दोन वर्षांनी लेकीच्या पत्रातून कळलं. पण माझ्यापुरत्या त्या गेल्या, त्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी.

गॅलरीत सफाई करणारी आयरिश बाई जिन्यात भेटली. खुशीत होती. दोन महिने रोज सकाळी एकाच चित्राच्या काचेवर, एकाच जागी, डाव्या कडेला कुणाच्या तरी बोटांचे ठसे असायचे, म्हणाली. पुसून पुसून कंटाळले होते. आता आठवडाभर काच अगदी स्वच्छ.

मी वर जाऊन पाहिलं. काचेत माझा चेहरा दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे तो, पाठमोरा, चालतच होता.